प्रशियन पायदळाचा निळा वाफनरॉक: खांद्यावर २०, अस्तरात चौथी कोअर. घ्यावा का?

निळी_बाराबंदी (प्रश्न)

मंडळी, एका कोटावर मत हवंय. दक्षिण जर्मनीतल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात प्रशियन पायदळातल्या साध्या शिपायाचा गडद निळा वाफनरॉक, म्हणजे गणवेशाचा कोट, विकायला आहे. विक्रेत्याची चिठ्ठी म्हणते, 'पायदळ रेजिमेंट क्र. २०, विटेनबर्ग, तिसरी आर्मी कोअर, १९१० च्या आसपास.' (कोअर म्हणजे अनेक रेजिमेंटांची मिळून मोठी लष्करी तुकडी.)

हातात घेऊन पाहिला तेव्हा दिसलं ते असं:

पुढे ८ पिवळी बटणं, पुढच्या कडेला लाल गोट. कॉलर लाल. बाहीला लाल कफ, त्यावर उभी पट्टी आणि पट्टीवर ३ बटणं. पट्टीच्या कडेला वेगळ्या रंगाचा गोट नाही. मागे शेपटावर दोन बाजूंना ३-३ बटणं. खांदेपट्ट्या लाल, त्यावर पिवळ्या दोऱ्याने २०. खांद्याच्या एका बटणावर ७ आकडा, दुसऱ्यावर ११. अस्तर जाडसर सुती, त्यावर काळा शिक्का: 'बी. ए.' आणि पुढे रोमन चार. त्याच्याखाली पुसट 'जे. आर.' आणि बहुतेक ६६. शेजारी आणखी एक शिक्का आहे, पण तो आडव्या रेघेने खोडलाय. डाव्या काखेत कसरीची चार-पाच भोकं.

प्रश्न तीन. कोट खरा आहे का? खोडलेल्या शिक्क्याचा अर्थ काय? आणि नोव्हेंबरात तो पुण्याला न्यायचा आहे, तर वाटेत आणि नंतर पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

---

टॉम्बाक

वर्णन नीट दिल्याबद्दल आधी आभार. इथे बहुतेक लोक छातीचा एक अंधुक फोटो टाकून 'ओरिजिनल?' एवढंच विचारतात.

कोट खरा वाटतो, चिठ्ठी चुकीची आहे. तुम्हीच लिहिलेल्या तीन गोष्टींतून ते कळतं.

पहिली, कफवरच्या पट्टीचा गोट. प्रशियन पायदळात खांदेपट्टीचा रंग आणि या पट्टीचा गोट या दोन्हींवरून कोअर ओळखायची सोय होती. पहिल्या आणि दुसऱ्या कोअरची खांदेपट्टी पांढरी, तिसऱ्या-चौथ्याची लाल, पाचव्या-सहाव्याची पिवळी, सातव्या-आठव्याची फिकट निळी. म्हणजे एका रंगात दोन कोअर. त्यांतला फरक कफवर: विषम कोअरला पट्टीभोवती पांढरा गोट, समला गोट नाही. (हा हिशोब आठव्या कोअरपर्यंतच. नवव्यापासून पिवळे आणि फिकट निळे गोट सुरू होतात.) विसावी रेजिमेंट तिसऱ्या कोअरमधली, तिला पांढरा गोट हवाच. तुमच्या कोटाला तो नाही. लाल खांदा आणि बिनगोटाचा कफ म्हणजे चौथी कोअर.

दुसरी, शिक्का. 'बी. ए.' म्हणजे बेक्लायडुंग्सआम्ट, कोअरचं कपडेखातं. पुढचा रोमन आकडा कोअरचा. 'जे. आर.' पाहून गोंधळू नका, त्या काळी मोठा आय बऱ्याचदा जेसारखाच छापत. ते 'इन्फंटरी-रेजिमेंट' आहे. ६६ वाचलं असेल तर चोख जुळतं: ६६ वी, म्हणजे तिसरी मॅग्डेबुर्ग रेजिमेंट. चौथ्या कोअरचं मुख्यालय मॅग्डेबुर्गलाच होतं.

तिसरी, बटणं. शिपायाच्या खांदेपट्टीच्या बटणावर त्याच्या कंपनीचा आकडा असे. एक माणूस एकाच वेळी सातव्या आणि अकराव्या कंपनीत कसा असेल? निदान एक बटण तरी नंतर लागलंय.

थोडक्यात, अंग ६६ चं, खांदे २० चे, बटणं मिळतील तिथली. संग्राहक याला 'लग्न लावलेला' कोट म्हणतात. फसवणूक असेलच असं नाही. शंभर वर्षांत नाटक मंडळी, गावची जत्रा, वारस, असे कितीतरी हात फिरतात. पण पैसे मात्र 'पट्ट्या नसलेला ६६ चा कोट' या हिशोबाने द्या.

खोडलेला शिक्का उलट चांगली खूण आहे. प्रशियन सैन्यात कपड्यांच्या प्रती असत, त्यांना गार्निटूर म्हणत. पहिली प्रत युद्धासाठी राखीव, त्याखालची परेडला, आणि जुनी होत गेली की कोट रोजच्या कवायतीला खाली उतरायचा. कंपनी बदलली किंवा प्रत उतरली की जुना शिक्का खोडून नवा मारत. नकली कोट बनवणारा सहसा एकच, ठळक, वाचता येईल असा शिक्का मारतो. खोडाखोड करायचं त्याला सुचत नाही.

आणि उलटंही लक्षात ठेवा. शिक्काच नाही म्हणून कोट नकली ठरत नाही. ज्यांच्याकडे पैसे होते ते शिपाई बाहेर मिरवायला स्वतःच्या खर्चाने बारीक पोताचा कोट शिवून घेत. त्यात सरकारी शिक्का नसतो, फार तर शिंप्याची पट्टी असते. एक वर्षाच्या स्वयंसेवकांचे (स्वखर्चाने एकच वर्ष सैन्यात राहणाऱ्यांचे) कोट तर असेच खाजगी. त्यांच्या खांदेपट्टीच्या कडेने काळा-पांढरा पीळदार दोरा असतो, तो पाहून ओळखा. आज उरलेल्या चांगल्या स्थितीतल्या कोटांत या खाजगी कोटांचं प्रमाण मोठं आहे, कारण सरकारी कोट झिजेपर्यंत वापरले गेले.

सालाबद्दल: १९१० पासून फेल्डग्राउ म्हणजे करडा-हिरवट गणवेश युद्धासाठी ठेवलेला होता, १९१४ ला सैन्य तोच घालून निघालं, आणि १९१५ मध्ये शांतताकाळासाठीही करडाच ठरला. त्यामुळे निळा शिपाई-कोट साधारण १९१४ पर्यंतचाच. अस्तरात साल छापलंय का ते पुन्हा पाहा, शिक्क्याच्या खाली बारीक असतं.

---

शिवणटिपण

टॉम्बाक यांच्या निदानाशी सहमत. पण गोटावर कोट तोलण्याआधी शिवण बघा. गोट उसवून काढलेलाही असू शकतो, मग तिसरी कोअर पुन्हा शर्यतीत येते.

कफच्या पट्टीची कड दहापट भिंगाखाली पाहा. गोट म्हणजे पट्टीच्या आणि कफच्या कापडामध्ये दाबलेली दुमडलेली चिंधी. ती काढायची तर मूळ टाके तोडावेच लागतात. मग कडेला जुन्या टाक्यांची रिकामी भोकं राहतात आणि नवा दोरा त्याच भोकांतून जात नाही, शेजारून जातो. दोन समांतर रांगा दिसल्या की समजायचं. एकच रांग, दोरा कापडाइतकाच विटलेला: पट्टी कधी उघडलेली नाही.

खांद्याला हेच, पण जास्त सोपं. या निळ्या कोटाची शिपायाची खांदेपट्टी बाहेरच्या टोकाला बाहीच्या शिवणीतच शिवलेली असते, सुटी नसते. बदलायची तर बाहीची शिवण वरून दोन-अडीच इंच उसवावी लागते आणि आतून अस्तरही. तेव्हा बाही उलटी करून खांद्याचा घोळ बघा. अस्तराचे बाकीचे टाके हाताचे, थोडे वेडेवाकडे, आणि खांद्यावरचे तेवढेच टाके नीटनेटके किंवा वेगळ्या दोऱ्याचे असतील तर पट्टी तिथूनच शिरलीय.

दुसरी चाचणी: बटण सोडून पट्टी वर उचला. खालचं निळं कापड आजूबाजूपेक्षा गडद असायला हवं, कारण तिथे ऊन लागलेलं नाही. त्या गडद पट्ट्याची लांबी-रुंदी मोजा. तो पट्टीहून रुंद किंवा अरुंद निघाला तर पूर्वी तिथे दुसरी पट्टी होती. गडदपणा अजिबात नसेल तर कोट बराच काळ पट्टीशिवाय टांगलेला होता.

अतिनील टॉर्च (३६५ नॅनोमीटरची घ्या, जांभळा उजेड फेकणारी ३९५ ची स्वस्त टॉर्च कामाची नाही) अंधारात मारा. पॉलिएस्टरचा दोरा आणि नवं पांढरं कापड निळसर चमकतं. पण एकदा जरी कुणी आजच्या पावडरीने अस्तर धुतलं असेल तरी अख्खं अस्तर चमकेल. म्हणून नुसत्या चमकेवर निकाल देऊ नका, कोणता दोरा चमकतो आणि कोणता नाही ते बघा. शंका उरली तर शिवणीच्या आतून अर्धा सेंटिमीटर दोरा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर जळक्या केसांसारखी वास मारते, सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टरचा कडक मणी बनतो. दुकानात हे करू नका, विक्रेता हाकलून देईल.

एक गोष्ट मात्र टॉम्बाक यांच्या मनाविरुद्ध सांगते: पट्ट्या बदलून ६६ च्या लावायचा मोह धरू नका. सुट्या खांदेपट्ट्या बाजारात मिळतात हे खरं, पण त्या लावल्या की एक लग्न मोडून दुसरं लागलं. तुमच्यानंतर ज्याच्या हातात कोट जाईल त्याला ते अस्सल वाटेल.

---

टॉम्बाक

बदला असं मी म्हटलेलं नाही हो. तरी मत विचाराल तर, २० च्या पट्ट्या ठेवून कोट भिंतीवर लावणं हेही खोटंच दाखवणं झालं. माझा मार्ग मधला: आहे तसा ठेवा, आणि आतल्या अस्तराला दोऱ्याने बांधलेली छोटी सुती चिठ्ठी लावा, 'अंग चौथी कोअर, ६६, पट्ट्या २० च्या, नंतर बसवलेल्या.' पेन्सिलने लिहा, शाईने नाही. टाचणी आणि स्टेपल तर अजिबात नको, गंज उतरतो.

जाता जाता, हा प्रकार काही आजचा नाही. १६ ऑक्टोबर १९०६ ला विल्हेल्म फोइग्ट नावाच्या चांभाराने जुन्या बाजारातून जमवलेला कॅप्टनचा गणवेश घालून कोपेनिकच्या नगरपालिकेतून तिजोरी रिकामी केली. शिपायांनी कोट पाहिला आणि सलाम ठोकला. गोट मोजायला कोण थांबतंय!

---

चिवडा_पार्सल

मध्येच विचारतो. मला असाच पण हिरव्या कॉलरचा हवाय, १९३५ नंतरचा, नाझी काळातला. तो घेणं सोपं की अवघड?

---

टॉम्बाक

घेणं सोपं, खरा घेणं अवघड. १९३५ चा वाफनरॉकही पुढे ८ बटणांचाच, पण कापड करडं, कॉलर आणि कफ गडद निळसर-हिरवे, कफवर दोन-दोन लित्सं म्हणजे पट्ट्यांची नक्षी, आणि गोट शाखेच्या रंगाचा: पायदळ पांढरा, तोफखाना लाल, घोडदळ सोनेरी पिवळा, पायोनियर (लष्करी अभियंते) काळा, रणगाडे गुलाबी, डोंगरी दल फिकट हिरवा. याला मागणी भरपूर, म्हणून नकलाही भरपूर. साधा पायदळाचा कोट घेऊन त्याला गुलाबी गोट चढवणं हा नेहमीचा धंदा, कारण रणगाड्यांचा कोट महाग जातो. शिवणटिपण यांची दोन रांगांची चाचणी तिथेही चालते.

पूर्व जर्मनीच्या सैन्याचे, म्हणजे एन.व्ही.ए.चे, १९५६ नंतरचे कोटही जुन्या घाटाचे आणि लित्सवाले आहेत. आत 'एम ४८' किंवा 'एस. जी. ५२' असा मापाचा शिक्का दिसला की तो एन.व्ही.ए.चा, कितीही जुना सांगितला तरी. तसंच हिरवा कोट दिसला की लगेच 'येगर' (हिरव्या गणवेशाचं हलकं पायदळ) म्हणून उडी मारू नका. गावोगावच्या नेमबाजी मंडळांचे कोट हुबेहूब लष्करी दिसतात. बटणावर नेम धरायची चकती किंवा ओकची पानं असली तर ते मंडळाचं.

आणि कायदा. छातीवरच्या गरुडाखाली हाकेनक्रॉइझ, म्हणजे नाझींचं स्वस्तिकासारखं चिन्ह, असतं. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ प्रमाणे ते चिन्ह जाहीरपणे दाखवणं गुन्हा आहे. अभ्यास, इतिहास, कला यांना सूट आहे, म्हणून लिलाववाले खरेदीदाराकडून तसं लिहून घेतात आणि फोटोत चिन्ह झाकतात. कैसरच्या (जर्मन सम्राटाच्या) काळातल्या निळ्या कोटाला ही भानगड नाही. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, हे माझं स्पष्ट मत.

---

घाटावरचा

प्रवास आणि पावसाळा माझ्याकडे.

खरेदी झाल्या झाल्या कोट बाकी कपड्यांत मिसळू नका. काखेत भोकं आहेत म्हणजे कसर आत अजून जिवंत असू शकते. शिवणीच्या आत आणि कॉलरखाली पांढरट रेशमी नळ्या किंवा वाळूसारखी विष्ठा दिसते का पाहा. दिसो न दिसो, गोठवा. कोट आम्लरहित टिश्यूत गुंडाळून जाड पॉलिथीनच्या पिशवीत, हवा दाबून काढून, तोंड टेपने बंद. घरातल्या उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये पूर्ण दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाईने उघडली तर गार कापडावर दव धरतं आणि लाल कॉलरचा रंग अस्तरावर उतरतो. पाणी हा या कोटाचा पहिला शत्रू. धुणं नाही, वाफेची इस्त्री नाही, ओलं फडकंही नाही.

धूळ काढायची तर व्हॅक्युमच्या तोंडावर नायलॉनची मच्छरदाणी ताणून, सर्वांत कमी ओढीवर, कापडाला न घासता. हे करताना नायट्रिलचे हातमोजे आणि मास्क घाला. पूर्वी संग्रहातल्या लोकरीवर आर्सेनिक किंवा पाऱ्याची कीडनाशकं मारत. तुमच्या कोटाला मारलं असेलच असं नाही, पण ते डोळ्यांना दिसत नाही.

बटणं टॉम्बाक नावाच्या मिश्रधातूची, म्हणजे तांबं-जस्ताची. घासून चमकवायची नाहीत. पॉलिश लावलं की त्याची पांढरी पूड बटणाच्या मुळाशी कापडात बसते ती कायमची. हिरवा कळंब आला असेल तर कोरड्या लाकडी टूथपिकने खरवडा, बास.

विमानात सोबतच न्या. बाह्यांत टिश्यूचे सैल गुंडाळे भरा, कंबरेशी एकच घडी आणि घडीत टिश्यूचा लोड. छातीवर घडी पडू देऊ नका, गोट मोडतो आणि ती रेघ जात नाही. पावतीवर विक्रेत्याकडून वर्णन, अंदाजे साल आणि किंमत लिहून घ्या. नंतर कधी कुरिअरने मागवाल तर हे आणखी महत्त्वाचं. 'वापरलेले कपडे' ही भारतात आयातीवर निर्बंध असलेली वर्गवारी आहे, तर शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंची वर्गवारी वेगळी, प्रकरण ९७ मधली. पार्सलवर नुसतं 'ओल्ड क्लोथ्स' लिहिलं की अडकलंच म्हणून समजा.

पुण्यात आल्यावर. हँगरवर ठेवायचा तर लाकडी, रुंद खांद्याचा हँगर, त्यावर पॉलिएस्टरचा कापूस आणि वर दोनदा धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटाची खोळ. खांद्याचा गोलवा भरून निघाला पाहिजे. बारीक तारेच्या हँगरवर सहा महिन्यांत खांद्याला कोंब येतात. काखेतली शिवण कमकुवत असेल (तुमची आहेच), तर टांगू नका. आडवा ठेवा, पॉलिप्रॉपिलीनच्या खोक्यात, पीव्हीसीत नको.

खोकं बंद करायचा दिवस निवडा. नोव्हेंबर ते मे कोरडी दुपार बघून कोट बंद करा. जूनच्या पहिल्या सरीनंतर भरलात तर तो ओलावाच आत कोंडला. आत अर्धा किलो सिलिका जेल सुती पिशवीत आणि एक छोटं आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के उत्तम, ६५ च्या वर गेलं की बुरशीची सुरुवात. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास. खोकं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात ती भिंत गार आणि ओली असते.

---

चिवडा_पार्सल

एवढा खटाटोप? आमच्याकडे शालूत डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला टाकतात, पन्नास वर्षं टिकलेत.

---

घाटावरचा

शालू रेशमाचा, सणावाराला बाहेर निघतो, झटकला जातो, उन्हं बघतो. कसरीला लोकर, अंधार आणि शांतता लागते, ती या कोटाला बारा महिने मिळणार. डांबरगोळीने अळ्या मरायला वाफ फार दाट लागते, हवाबंद डब्यात भरपूर गोळ्या. कपाटात चार टाकून नुसता वास येतो, आणि तो लोकरीतून वर्षानुवर्षं जात नाही. नॅफ्थलिनची वाफ माणसालाही बरी नाही. कडुनिंबाचा पाला अर्धवट वाळलेला टाकला तर ओलावा आणि त्यातले किडे फुकट.

---

निळी_बाराबंदी

पुन्हा जाऊन भिंग घेऊन पाहिलं. कफच्या पट्टीला टाक्यांची एकच रांग आहे. डाव्या खांद्याखाली गडद पट्टा आहे, पण पट्टीपेक्षा साधारण ४ मिलिमीटर रुंद. बाहीच्या आत खांद्यावर काळा दोरा, बाकी सगळीकडे पिवळट. उजव्या बाजूलाही तेच. शिक्क्यात ६६ नक्की, खाली ०८ असे दोन आकडे. विक्रेत्याला दाखवलं, तो किंमत कमी करायला तयार आहे. काखेची भोकं रफू करून घेऊ का?

---

शिवणटिपण

म्हणजे प्रश्न मिटला. दोन्ही पट्ट्या नंतरच्या, अंग अस्सल चौथ्या कोअरचं आणि बहुधा १९०८ चं. नव्या किमतीत घ्या.

रफू नको. रफूवाला भोकाच्या कडा ओढून घट्ट विणतो, जुनं कापड त्या ताणाला बाजूने फाटतं. त्याऐवजी भोकाच्या मागे, अस्तर आणि कापडाच्या मधे, निळ्या लोकरीचा पातळ तुकडा सरकवा, भोकाहून चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा. कापड नवं असेल तर आधी तीन-चारदा साध्या पाण्यात उकळून रंग उतरतो का ते पाहून घ्या. बारीक सुईने, एकेरी रेशमी दोऱ्याने, लांब सैल टाके, फक्त चांगल्या कापडात, भोकाच्या कडेत नाही. गाठ मारू नका, दोन उलटे टाके पुरतात. पुढे कुणाला काढायचं असेल तर पाच मिनिटांत निघालं पाहिजे.

आणि काखेत हात घालायच्या आधी गोठवून घ्या. खांद्यांचे काळे टाके उसवू नका, फोटो काढून ठेवा, मोजपट्टी शेजारी धरून.